लेगुनात हाफ नाही

ठमेल मला मुळीच आवडलं नाही. काठमांडूत उतरणाऱ्या पर्यटकाला सगळे तिथंच पाठवतात. रात्री उशिरापर्यंत खिडकीखाली गाण्यांचा धुडगूस, सकाळी पाय बाहेर टाकला की शालीवाले, ट्रेकवाले आणि टॅक्सीवाले. पशुपतिनाथ झालं, स्वयंभू झालं, पाटणचा दरबार चौक झाला, पोखऱ्याला फेवा तलावात होडीतूनही फिरलो. त्या सगळ्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते या प्रवासात भेटलेल्या पोरांबद्दल, कारण घरी आल्यापासून डोक्यात तेवढंच राहिलंय.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा झाला की आमच्या गावातले पालक कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. वर्गातल्या पटावर नावं तशीच राहतात आणि बाक रिकामे होतात. १ मेला निकाल वाटून झाले तसे आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. आधी नेपाळ आणि तिथून ढाका, असा बेत होता. ढाका अशासाठी, की माझी मावसबहीण तिथं राहते. दाजी मूळचे इचलकरंजीचे, टेक्स्टाइल इंजिनीअर; तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहेत. "ताई, एकदा तरी या," असं ते दर दिवाळीला फोनवर म्हणायचे.

नेपाळात मनासारखी जागा मिळाली ती लमजुंग जिल्ह्यातल्या घलेगाउँला. बेसीसहरपासून वर जीप जाते, रस्ता हाडं खिळखिळी करणारा. गाव गुरुंग जमातीचं. तिथं हॉटेल शोधायचं नसतं. गावाची समिती पाळीपाळीनं एकेका घराला पाहुणे लावून देते. आम्हाला जे घर मिळालं तिथं आजी, सून आणि दोन मुलं होती. मुलांचे वडील कतारला. मे महिन्यात धुरकट हवा असते, त्यामुळे अन्नपूर्णेनं एका पहाटे अर्धा तास तेवढं तोंड दाखवलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण त्या पहाटे मी मोठ्या मुलीकडेच बघत बसले होते.

ती सहावीत होती, अकरा वर्षांची असावी. उजाडायच्या आत उठली, पाठीला डोको, म्हणजे बांबूची निमुळती टोपली, लावली. तिचा पट्टा कपाळावर घेतला, विळा घेतला आणि उतारावर दिसेनाशी झाली. तासाभरानं परत आली ती टोपलीच्या वर हातभर चढलेलं गवत घेऊन. म्हशीला टाकलं, हातपाय धुतले, धाकट्याला उठवलं. नऊच्या सुमाराला सगळ्यांनी डाळभात आणि गुंद्रुकची भाजी खाल्ली. मग तिनं आकाशी शर्ट आणि निळा स्कर्ट घातला, वेणी घातली आणि दहाच्या शाळेला दोघं भावंडं पळाली. चारनंतर परत. संध्याकाळी पाणी, म्हैस, अभ्यास.

त्या घरात आमच्याबरोबर दिल्लीकडचं एक जोडपं उतरलं होतं. त्यांनी त्या पोरीला टोपलीसकट तीनदा उभं करून फोटो काढले. मला ते अजिबात आवडलं नाही. तिची मान त्या पट्ट्याखाली ताठ झाली होती आणि शाळेची वेळ होत आली होती. आजीला मी हिंदीत विचारलं, रोज एवढं काम, मग शाळा बुडत नाही का? आजीला प्रश्नच कळला नाही. काम सकाळचं, शाळा दहाची. मग बुडेल कशी? शेतात भातलावणी असते तेव्हा मात्र बुडते, असं तिनंच पुढं सांगितलं.

शाळा पाहायला गेले. भिंतीवर भरतीच्या मोहिमेचा कापडी फलक होता. नेपाळात वर्ष वैशाखात सुरू होतं आणि आपल्या पटनोंदणीसारखी तिथंही नव्या मुलांची घरोघर नोंद होते. २०१५च्या राज्यघटनेत, ३१व्या कलमात, मूलभूत शिक्षण सक्तीचं आणि मोफत, तर माध्यमिक मोफत असं लिहिलेलं आहे. वर्गात मुलं होती, शिक्षक होते. मुलं कमी होती, कारण परदेशातून पैसे यायला लागले की लोक खालच्या शहरात खोली घेऊन मुलांना इंग्रजी माध्यमाच्या 'बोर्डिंग'मध्ये घालतात. तिथल्या सरांनी ही तक्रार ज्या सुरात सांगितली, तो सूर मला पाठ आहे.

काठमांडूला परतल्यावर भक्तपूर आणि तिथून चाँगुनारायण. मंदिर फार सुंदर आहे. मानदेव राजाचा इ. स. ४६४चा शिलालेख तिथं उघड्यावर उभा आहे. पण मंदिराच्या अलीकडे झौखेलच्या शेतांत वीटभट्ट्यांच्या चिमण्या दिसल्या आणि मी गाडी थांबवायला लावली. नवरा म्हणाला, "भट्ट्या काय आपल्याकडे कमी आहेत?" कमी नाहीत, म्हणूनच बघायच्या होत्या.

शेतातली वरची माती काढून खोल खड्डे झालेले. त्यात विटांच्या ओळी, कच्च्या, राखाडी. खेचरांच्या पाठीवर विटा लादून भट्टीकडे नेत होते. कडेला कच्च्या विटांचे अर्धे पुरुष उंचीचे आडोसे, वर पत्रा, पत्र्यावर दगड. ही घरं. ऊसतोडीच्या तळावरची कोपी ज्यानं पाहिली आहे त्याला हे वर्णन करून सांगायची गरज नाही. एक बाई साच्यात माती थापत होती आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिनं आदल्या दिवशी पाडलेल्या विटा एकेक करून कडेवर उभ्या करत होता, म्हणजे दुसरी बाजू वाळेल. काम हलकं दिसतं. पण तो वाकलेलाच पुढं पुढं सरकत होता आणि ओळ संपतच नव्हती.

आमच्या ड्रायव्हरनं बोलणं करून दिलं. बाई रोल्पा जिल्ह्याची. मंसिरात, म्हणजे नोव्हेंबरात आले, जेठात पाऊस यायच्या आत परत जाणार. दसैंला, म्हणजे दसऱ्याला, नाइके घरी येऊन पेश्की देऊन गेला होता. ती फिटेपर्यंत काम. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे मुकादम असतो आणि उचल असते, तिथं नाइके आणि पेश्की. महिनेसुद्धा जवळपास तेच. मुलगा गावच्या शाळेत तिसरीत आहे, असं ती म्हणाली. 'आहे' म्हणाली. नेपाळी शाळांची वार्षिक परीक्षा चैताच्या सुमारास होते आणि तेव्हा हा मुलगा झौखेलच्या खड्ड्यात असतो. मी विचारलं, मग पास कसा होतो? तिनं मान हलवली. कुणीतरी पास करत असणार. मीही अशी पास केलेली मुलं चौथीत बसलेली बघते आणि त्यांना वजाबाकी येत नसते.

नेपाळच्या वीट उद्योगाची २०२०मध्ये सरकारी पाहणी झाली, त्यात भट्ट्यांवरचे बालमजूर सुमारे १७ हजार निघाले. त्या मुलांच्या गावाकडच्या शाळांत त्यांची नावं लावलेली असतील, हे मी शपथेवर सांगते.

तिथून विमानानं ढाका.

ढाक्याच्या आदरातिथ्याबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा. इतक्या मायेनं खाऊ घालणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. बहिणीच्या शेजारणीनं पहिल्याच संध्याकाळी लिचीचा घड आणि शेमाईची वाटी पाठवली, वर "उद्या जेवायला आमच्याकडे" असा निरोप. आम्ही शाकाहारी आहोत हे ऐकल्यावर त्या घरातली म्हातारी माणसं खरंच काळजीत पडली. उकाडा मात्र असह्य, घाम वाळतच नाही. आणि गर्दी! डोक्यावरून मेट्रो सुळकन निघून जाते आणि खाली रस्त्यावर सायकलरिक्षा, बस, सीएनजी म्हणजे ऑटोरिक्षा, मोटारी सगळं एकमेकांत अडकून उभं असतं.

सदरघाट, लालबागचा किल्ला, न्यू मार्केट झालं.

दाजींबरोबर एक पूर्ण संध्याकाळ मात्र कपड्यांच्या कारखान्यांवर बोलण्यात गेली. १९९२ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी विधेयक आणलं, की बालमजुरांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. विधेयक मंजूरही झालं नाही; पण धास्तीनंच कारखानदारांनी मुलं काढून टाकली. सुमारे ५० हजार, असा युनिसेफचा अंदाज. त्यातली बरीच शाळेत गेली नाहीत, खडी फोडायला गेली, रस्त्यावर गेली, काही मुली त्याहून वाईट ठिकाणी गेल्या. मग ४ जुलै १९९५ला कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला: चौदाच्या खालचं मूल कामावर घ्यायचं नाही, पण काढलेल्या मुलासाठी आधी शाळा उघडायची आणि महिन्याला ३०० टाका द्यायचे. हाच क्रम पहिल्या दिवसापासून हवा होता. दाजी म्हणाले, आता निर्यातीच्या कारखान्यात मूल दिसणार नाही, ओळखपत्र तपासतात, परदेशी तपासनीस येतात. "पण ताई, नदीपलीकडे केरानीगंजला देशी बाजाराचे कपडे शिवतात, तिथं कोण जातंय तपासायला?"

हे सगळं माहितीच्या पातळीवर राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही फार्मगेटहून जिगातल्याला निघालो. बहीण हजारीबागच्या वस्तीतल्या एका छोट्या शाळेला वह्या-पुस्तकं देते. ती शाळा मला दाखवायची होती. टॅक्सी नको, लेगुनानं जाऊ, असं मीच म्हणाले.

लेगुना म्हणजे छोट्या टेम्पोच्या मागं समोरासमोर दोन बाकडी, वर टप. माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मागच्या फळीवर, दांड्याला धरून, हेल्पर उभा. तोच थांब्यांची नावं ओरडून गिऱ्हाईक भरतो, तोच भाडं गोळा करतो, तोच पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला थांब-चल सांगतो. ड्रायव्हरला तो 'ओस्ताद' म्हणतो. आमचा हेल्पर बारा वर्षांचा असेल. मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, पायात रबरी चपला. नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यांत धरलेल्या, प्रत्येक बेचक्यात वेगळ्या किमतीची.

मध्ये एका थांब्यावर दोन मुली चढल्या. निळा कमीज, छातीवर चापून बसवलेली पांढरी ओढणी, पाठीला दप्तर. सातवीतल्या असाव्यात. म्हणजे त्याच्याच वयाच्या. चढताना त्यानं एकीचं दप्तर हातानं वर उचलून धरलं, म्हणजे ती टपाच्या कडेला अडकू नये. मग भाडं मागितलं. एकीनं दहाची नोट पुढं केली आणि म्हणाली, "हाफ. स्टुडंट."

तो म्हणाला, "लेगुनाय हाफ नाइ, आपा."

ढाक्यात विद्यार्थ्यांना अर्धं भाडं हा काही साधा विषय नाही. त्यासाठी पोरं रस्त्यावर उतरली होती आणि २०२१च्या डिसेंबरपासून शहरातल्या बसमालकांनी ते मान्य केलं. पण ते बसपुरतं. लेगुनाचं ज्याचं त्याच्यावर. मुलगी हटेना. तिचं चूक नव्हतं; तिला घरून तेवढेच पैसे मिळत असतील. मुलगाही हटेना. त्याचंही चूक नव्हतं. माझ्या बहिणीनं नंतर त्याच्याकडूनच काढून घेतलं, की हिशेबात कमी पडलं तर ओस्ताद त्याच्या रोजातून कापतो.

आणि मग गाडीतली माणसं बोलायला लागली. समोर बसलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, कुणी ऑफिसला निघालेला तरुण, भाजीची पिशवी घेतलेली एक बाई. सगळे त्या मुलीच्या बाजूनं. विद्यार्थी आहे, अर्धं घे. तिचा हक्क आहे. लाज नाही वाटत का, शाळेत जाणाऱ्या मुलीशी भांडतोस? त्या तरुणानं त्याला बेअदब म्हटलं. बहीण माझ्या कानाशी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. त्या लेगुनात बसलेल्या प्रत्येकाला शिक्षणाचा कळवळा होता. आणि ज्याच्या अंगावर हे सगळे ओरडत होते तो बारा वर्षांचा मुलगा सकाळी साडेनऊला गाडीच्या मागं लोंबकळत होता, हे एकाच्याही तोंडून आलं नाही.

मला राग आला, इतका की बंगाली येत असती तर मी भांडले असते. मुलानं दहाची नोट घेतली, बेचक्यात खोचली, पत्र्यावर थाप मारली आणि बाहेर तोंड करून "जिगातला, जिगातला" ओरडायला लागला. त्या मुलींकडे त्यानं परत पाहिलं नाही.

शेवटच्या थांब्यावर गाडी भरायला वेळ होता. बहिणीनं त्याच्यासाठी पाव आणि केळं घेतलं आणि बोलतं केलं. भोला जिल्ह्याचा. मेघना नदीनं किनारा तोडला, घर गेलं, शेत गेलं, आई-बापांनी चार पोरांना घेऊन लाँचनं ढाका गाठलं. वडील रिक्षा ओढतात, कंबर धरल्यापासून अर्धाच दिवस. हा तिसरीपर्यंत शिकला. आता पहाटे सहाला गाडीवर येतो, रात्री दहाला सुटतो. दिवसाचे तीनशे टाका आणि ओस्तादकडून दुपारचं जेवण. शिकायचंय का, असं मी विचारायला लावलं नाही. त्या प्रश्नाला पोरं मोठ्या माणसांना बरं वाटेल तेच उत्तर देतात. त्याऐवजी विचारलं, बहीण आहे का? आहे, मोठी, शाळेत जाते, नववीत आहे. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला. तिला उपवृत्ती, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, मिळते.

इथं मला बांगलादेशाबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय. या देशानं मुलींसाठी जे केलं ते फार मोठं आहे. १९९३ला त्यांनी शाळेत येणाऱ्या गरीब मुलांच्या घरी गहू द्यायला सुरुवात केली. १९९४पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर पैसे द्यायला लागले. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. आज तिथं माध्यमिक शाळांत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. सकाळी ढाक्याच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं की निळ्या-पांढऱ्या गणवेशांचे थवे दिसतात आणि शिक्षिकेचं मन भरून येतं. पण त्याच घरातला मुलगा कामाला जातो. प्राथमिकच्या मुलाला सरकार महिन्याला दीडशे टाकांच्या आसपास देतं. लेगुना दिवसाला तीनशे देते. ट्रक-टेम्पो-बसचा हेल्पर हे काम २०१३च्या सरकारी यादीत मुलांसाठी धोकादायक म्हणून नाव घेऊन लिहिलेलं आहे. यादी असूनही तो मुलगा त्या फळीवर उभाच होता.

दाजींना संध्याकाळी हे सांगितलं तर ते म्हणाले, "पण किती तरतरीत असतात ही पोरं, सगळा हिशेब तोंडी." त्यांचा हेतू वाईट नव्हता, तरी मी त्यांना थांबवलं. बारा माणसांचं वेगवेगळ्या थांब्यांचं भाडं तोंडी करणारा मुलगा सातवीत पहिला आला असता. त्या हुशारीचं कौतुक करून आपण ती ओस्तादला विकत देऊन टाकतो.

हजारीबागची शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. चामड्याचे मोठे कारखाने २०१७मध्ये सावारला हलवले, पण चप्पल, पाकिटं, पट्टे बनवणाऱ्या छोट्या जागा तिथं अजून आहेत, आणि तो वासही. खाली चटई, भिंतीवर मुलांची चित्रं, एकच शिक्षिका, त्याच वस्तीतली. असा एका खोलीचा, एका बाईंचा वर्ग बांगलादेशात नवा नाही. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक संस्थेनं १९८५ला अशा २२ शाळा खेड्यांत सुरू केल्या आणि पुढं त्यांची संख्या हजारांत गेली. तीसेक मुलं, दिवसाचे काही तासच, आणि वेळ पालकांशी बोलून ठरवायची. कापणीच्या दिवसांत वेळ बदलायची. सरकारी शाळा जिथं मुलाला घंटेप्रमाणे यायला लावते, तिथं या शाळेनं स्वतःची घंटा हलवली.

हजारीबागच्या बाईंनी मला सांगितलं ते मी डायरीत लिहून ठेवलंय. मूल कामाला लागलं की त्या आईकडे जात नाहीत. आई काय करणार, तिच्या हातात काही नसतं. त्या मालकाकडे जातात. पाकिटांच्या कारखान्यात जातात, जिथं मुलगी भांडी घासते त्या मॅडमच्या दारात जातात आणि दोन तास मागतात. दुपारी दोन ते चार, रोज. कुणी हाकलतं, कुणी आठवड्यातून चारच दिवस देतो, कुणी देतो आणि ईदच्या आधी काम वाढलं की परत घेतो. त्या पुन्हा जातात. त्यांच्या वर्गात त्या दिवशी मुलीच जास्त होत्या. लेगुनावाली मुलं का नाहीत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्या पोरांचा दिवस पूर्ण विकलेला असतो. गाडी फेऱ्यांवर चालते, दोन तास हेल्पर उतरला तर ओस्तादला दुसरा हेल्पर लागतो आणि मग तोच कायमचा होतो. त्यांचं मला अजून जमलेलं नाही.

घरी आल्यावर आकडे शोधले. नेपाळात २०१७-१८च्या श्रमशक्ती सर्वेक्षणावरून ५ ते १७ वयाची १५.३ टक्के मुलं बालमजूर ठरतात, सुमारे ११ लाख. २००८मध्ये ती १६ लाख होती. बांगलादेशात २०२२मध्ये ४.४ टक्के, म्हणजे पावणेअठरा लाखांच्या आसपास, आणि २०१३मध्येही १७ लाखच होती. म्हणजे टक्केवारी बघितली तर नेपाळ कितीतरी मागं. दोन्हीकडची मोजणी तंतोतंत एकसारखी नाही, तरी मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. मग पुढचा रकाना पाहिला. धोकादायक कामात नेपाळची सुमारे दोन लाख मुलं, बांगलादेशची दहा लाखांवर. नेपाळच्या ११ लाखांत बहुतेक शेतीतली आहेत, घरच्या कामातली. घलेगाउँची ती मुलगी, तिचे कामाचे ठरलेले तास भरले तर, त्या ११ लाखांत मोजली जाईल. लेगुनावरचा मुलगा दुसऱ्या आकड्यात. दोघंही 'बालमजूर'. एकीच्या आजीनं दहा ते चार तिच्यासाठी मोकळं ठेवलंय. दुसऱ्याचे पहाटे सहा ते रात्री दहा ओस्तादनं विकत घेतलेत. आणि झौखेलच्या मुलाचे तर सहा महिने नाइकेनं दसैंलाच घेऊन टाकले. मूल काम करतं का, हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. त्याचे दहा ते चार कुणाच्या ताब्यात आहेत, हे विचारायला हवं, आणि ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्या दारात जायला हवं.

आम्ही शिक्षक दरवर्षी पालकांच्या दारात जातो. हंगामी वसतिगृहाची माहिती देतो, पोराला आजीजवळ ठेवा म्हणतो, बाहेर नेणारच असाल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, तिथल्या शाळेत दाखवा म्हणतो. आई मान हलवते आणि ट्रक भरला की पोर ट्रकात असतं. यंदा मी मुकादमाकडे जायचं ठरवलं, उचल वाटायच्या आधी, वर्गातल्या मुलांची यादी घेऊन. पहिला मुकादम माझाच जुना विद्यार्थी निघाला. खुर्ची दिली, चहा दिला, यादी नीट वाचली. म्हणाला, "बाई, पोरं ठेवायला माझी ना नाही. पण कोयता फडात गेला की तान्हं लेकरू कोण सांभाळणार? मोठीला त्यासाठीच नेतात."

यादीतल्या बहुतेक मुली त्या 'मोठी'च आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगावकडच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर चालत असेल, कोण चालवतं, खर्च कोण करतं, हे कुणाला माहीत असेल तर मला कळवा. दसऱ्याच्या आत कळवा, म्हणजे मला त्या मुकादमाकडे परत जाता येईल.